आयांचा खण

"तुम्ही सहा वर्षांचे असताना तुमच्या आई हिमवादळात वारल्या. बरोबर ना?" फोनवरच्या त्या मुलीने इतक्या सहज विचारलं, की कॅल्व्हर्ट लोगनच्या तोंडून "बरोबर" निघूनही गेलं. पंचावन्न वर्षांची सवय. वाक्याचं शेपूट ऐकू आलं की मान आपोआप हलायची. पण या वेळी मान हलली आणि मध्येच अडली. मुलगी पुढे गेली होती, पहिल्या बायकोच्या नावाचं काय ते विचारत होती, पहिला सिनेमा एकोणतीसचा की तिसाचा ते विचारत होती, आणि कॅल्व्हर्ट रिसीव्हर कानाला लावून आपल्याच घरातल्या गालिच्याकडे बघत राहिला. ती पूर्वेकडच्या एका मोठ्या वर्तमानपत्रातून बोलत होती, मिस ब्रेनर म्हणून. 'तुमच्या कारकिर्दीवर एक लेख तयार करून ठेवतोय, पुढेमागे लागेल' असं तिने सुरुवातीलाच गोड आवाजात सांगितलं होतं. पुढेमागे! सिनेमावाल्यांच्या या गावात ऐंशी उलटलेल्या प्रत्येकाला तो फोन येतो. क्लबात म्हातारे एकमेकांना विचारतात, "तुला आला का रे?" आणि ज्याला आला नाही त्याची सगळे कीव करतात, कारण ज्याच्या मरणाची कुणी आधी तयारी करत नाही तो तर जिवंतपणीच मेलेला. कॅल्व्हर्टला तो फोन यावा अशी मनातून इच्छा होती. आला तेव्हा त्याने खुर्चीत सरळ बसून घेतलं होतं, कॅमेरा लावल्यासारखं.

"थांबा," तो म्हणाला. "ते मघाचं. आईचं. ते चूक आहे."

"चूक?" कागद चाळल्याचा आवाज आला. "सहा नाही का? पाच होते का तुम्ही?"

"मी छत्तीस वर्षांचा होतो."

 मग ती मुलगी फार सौजन्याने बोलायला लागली, आणि त्या सौजन्यानेच त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सांगितलं, की त्यांच्याकडे स्टुडिओने दिलेली माहिती आहे, तीन विश्वकोश आहेत, झाडून सगळ्या मुलाखती आहेत, आणि खुद्द त्याचं आत्मचरित्र आहे, त्यात बाराव्या पानावर ते हिमवादळ आहे, आईच्या पायातल्या फाटक्या बुटांसकट. शिवाय वायोमिंगमध्ये बिटरवेलला बाईंची कबरसुद्धा आहे. आमच्या माणसाने फोटो पाठवलाय, ती म्हणाली, फार सुंदर दगड आहे. "लोगनसाहेब, मला तुमच्यावर अविश्वास नाही दाखवायचा. पण इतकं सगळं छापलेलं फिरवायचं तर आमच्याकडे दोन पुरावे लागतात, तुमच्याशिवायचे."

"माझ्या आईबद्दल मी पुरावा नाही?"

"तुम्हीच पंचावन्न वर्षं उलटं सांगितलंय ना."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ओरडावं कुणावर? तरी तो ओरडलाच. म्हणाला, मी वायोमिंग सिनेमाच्या शूटिंगशिवाय पाहिलेलं नाही. माझा बाप गुरांच्या कळपाचा मालक नव्हता, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीत टोपल्या भरायचा. माझं नाव वासिल हुडाक, घरात वास्को. माझी आई परास्का, अडतीस सालच्या नोव्हेंबरात वारली, तार मला उशिरा मिळाली, आणि ती आमच्या ब्रिगम्स पॅच वस्तीच्या टेकडीवर पुरलीय. जन्माचा दाखला? एकोणीसशे दोन साली खाणीतल्या पोरांची नोंद करायला कोण रिकामं बसलं होतं! चर्चची वही? चर्च जळलं, वही जळली. माणूस? माणूस एकच उरलाय, माझी बहीण, ओलेना साबोल. विचारा तिला. मुलीने नाव लिहून घेतलं. ती म्हणाली, विचारते, आणि चार वाजता तुम्हाला पुन्हा फोन करते. आज संध्याकाळी हा मजकूर कपाटात जातो. पुढे ती काही बोलली नाही, पण कपाटातून तो कधी बाहेर निघतो हे दोघांनाही ठाऊक होतं.

फोन ठेवल्यावर लूर्डेस सूप घेऊन आली. ही त्याची नर्स, मनिलाची, सहा वर्षं त्याच्या घरात. ती त्याला साहेब म्हणायची आणि लहान मुलासारखी रागवायची. "कोण मेलं?" तिने त्याचं तोंड बघून विचारलं.

"मी."

"बरं. मग सूप गार व्हायच्या आत प्या. मेलेल्यांना नंतर गरम करून द्यायला मला वेळ नाही."

एरवी तो हसला असता. आज त्याने वाटी बाजूला सारली आणि खिडकीबाहेर बघत राहिला, खाली डोंगरउतारावरच्या घरांच्या लाल कौलांकडे, त्यापलीकडे धुरकट पसरलेल्या शहराकडे. या शहराने आपली आई खाल्ली, असं त्याच्या मनात आलं, आणि ते वाक्य त्याला एखाद्या वाईट सिनेमातलं वाटलं, म्हणून त्याला आणखीच चीड आली. धड रागवायचं म्हटलं तरी दुसऱ्याने लिहून दिलेलं तोंडात येतं! स्वतःचं असं एक वाक्य या तोंडात उरलंय की नाही? मॅक्स फिंकल. सगळं त्या मॅक्स फिंकलने केलं. बुटका, तोंडात न पेटवलेला सिगार, स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याचा मुख्य. एकोणतीस साली करारावर सही झाली त्याच दिवशी त्याने एक टाइप केलेला कागद पुढे टाकला होता. वर नाव, कॅल्व्हर्ट लोगन. खाली एका माणसाचा अख्खा जन्म, एका पानात, दुहेरी ओळी सोडून. "हे उद्यापर्यंत पाठ कर," मॅक्स म्हणाला होता, "आणि मला म्हणून दाखव." प्रत्येक नव्या नटाला असा कागद मिळे. दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये पोरं एकमेकांची परीक्षा घेत. तुझा बाप कोण रे? पाद्री. कुठला? केंटकी. आणि चुकलास, काल टेनेसी होता! सगळे खदाखदा हसत. जो खरं बोले त्याची चेष्टा होई. ब्रुकलिनचा शिंप्याचा पोर तिथे सरदारपुत्र होता, आणि शाळामास्तरणीची पोरगी जिप्सींनी पळवलेली होती. वासिलने कागद वाचला आणि एवढंच विचारलं होतं, "आईला कशाला मारलीत? ती आहे घरी. धडधाकट आहे."

"बाळा," मॅक्स म्हणाला होता, "आहे ना? असू दे. देव तिला शंभर वर्षं देवो. पण खाणीतल्या पोराची आई म्हणजे लोकांना धुण्याचा वास येतो. हिमवादळात मेलेली आई म्हटलं की देशातली प्रत्येक बाई तुझी आई व्हायला धावेल. मी तुझ्यापासून एक आई काढून घेतोय आणि चार कोटी देतोय. कुठे तोटा झाला सांग."

आणि या गाढवाला ते पटलं होतं! सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि त्याला ते पटलं होतं. त्याने रात्रभर आरशासमोर कागद पाठ केला होता. सकाळी हिमवादळाच्या ओळीपाशी त्याने एक क्षण थांबून गिळलं होतं, कुणी न सांगता, आणि मॅक्सने टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, "वा! ते गिळणं तसंच ठेव." ते गिळणं त्याने पंचावन्न वर्षं ठेवलं. मुलाखत घेणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिन्ही बायकांच्या डोळ्यांत आलं होतं, त्यातल्या एकीलाही त्याने पुढे खरं सांगितलं नाही. आधी करारात अट होती म्हणून, मग करार संपला तरी, आता काय सांगायचं म्हणून. आणि बिटरवेल! त्या बिटरवेलची आठवण झाली की आजही त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण तिथे त्याला कुणी ओढत नेलं नव्हतं. एकावन साली त्या गावाने पत्र लिहिलं, की आमच्या मातीत जन्मलेल्या सुपुत्राच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ आम्ही वर्गणी काढून दगड बसवतोय, आपण यावं. मॅक्सने कागदावर बिटरवेल हे नाव नकाशावर बोट ठेवून घेतलं होतं, डोळे मिटून. आणि त्या भल्या लोकांनी बावीस वर्षांत स्वतःला पटवून दिलं होतं, की आम्हाला मेरी लोगन आठवते. एका म्हातारीला तिची खीरसुद्धा आठवत होती. हा गेला. त्याने पडदा ओढला. कोवळ्या गवतावर पांढरा दगड, वर कोरलेलं नाव, खाली मे महिन्याची फुलं. आणि तो रडला. खोटं नव्हे, ढसाढसा, खांदे हलवून, की बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. मनात म्हणे तो परास्कासाठी रडत होता. काय उपयोग? अश्रूंवर कुठे लिहिलेलं असतं कोणाचे ते! कुणीतरी काढलेल्या त्या रडण्याच्या फोटोला त्या वर्षी बक्षीस मिळालं, आणि तो दगड आज त्या ब्रेनरबाईचा पुरावा झाला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, इथे तर गोट्यावर दर वर्षी फुलं पडत होती, आणि खरी बाई टेकडीवर गवताखाली होती, तिच्याकडे कोण फिरकत होतं त्याला माहीत नव्हतं. त्याने स्वतः तिची कबर कधी पाहिली नव्हती.

तार उशिरा मिळाली. हे त्याच्यापाशी होतं, हे त्याने घट्ट धरून ठेवलेलं होतं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीचा दोष कुणी त्याच्या माथी मारावा, या गोष्टीचा नाही. स्टुडिओत त्याच्या नावाने पत्रांची पोती येत, आणि ती उघडायला सहा मुली बसवलेल्या असत. पत्रांचे खण केलेले होते: लग्न मागणाऱ्या, पैसे मागणारे, वेडे, पाद्री. आणि एक खण होता आयांचा. हिमवादळ छापून आल्यापासून देशभरच्या बाया लिहायला लागल्या होत्या, की मी वादळातून वाचले, मीच तुझी आई, बाळा मला ओळख. कुणी एकट्या होत्या, कुणी भ्रमिष्ट, कुणी लबाड; आठवड्याला चाळीस-पन्नास तरी आया. त्यांना छापील उत्तर जाई आणि सोबत सहीचा फोटो. सहीसुद्धा त्या मुलीच करत. अडतीसच्या नोव्हेंबरात तार आली, 'आई गेली, गुरुवारी माती, ये, ओलेना', आणि कुठल्याशा मुलीने ती वाचली, आईसंबंधी आहे असं बघितलं आणि शिस्तीत आयांच्या खणात टाकली. त्या मुलीला तरी काय बोलणार? ती तिचं काम करत होती. तिसऱ्या दिवशी ब्रिगम्स पॅचला उत्तर गेलं: आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभारी आहे, सोबत फोटो. ओलेनाच्या हातात तो फोटो पडला तेव्हा मातीच्या जेवणासाठी आणलेली उसनी भांडी अजून परत गेली नसतील. आणि त्या गुरुवारी हा काय करत होता? हसत होता. जिन्यावरून घसरून केकमध्ये पडायचं आणि मग हसत सुटायचं, असा प्रसंग. दिग्दर्शकाला हसू मनासारखं मिळेना. अकरा वेळा पडला, अकरा वेळा हसला, अकरावं हसू सिनेमात राहिलं. तेच ते हसू. आजतागायत टीव्हीवर त्याचं नाव निघालं की तेच दाखवतात. मघाशी मिस ब्रेनरसुद्धा म्हणाली होती, लेखाची सुरुवात आम्ही त्या हसण्यानेच केलीय, लोगनसाहेब. नऊ दिवसांनी कुणीतरी खण साफ करताना ती तार मॅक्सकडे आणली. मॅक्सने सिगार तोंडातून काढला होता, एवढं त्याला आठवतं. "आता जाऊन काय करणार तू," मॅक्स म्हणाला होता, "वरातीमागून घोडं. आणि एका आईची दोन मढी लोकांना कशी समजावू मी?" नालायक! नीच! तो आता मोठ्याने बोलला, सुपाची वाटी हादरली.

"कोण नालायक?" लूर्डेस दारातून.

"तू नाही. फोन लावून दे. पेनसिल्व्हेनिया. ओलेना साबोल. नंबर माझ्याकडे नाही, चौकशीला विचार."

"ही कोण?"

"माझी बहीण."

लूर्डेस दोन पावलं आत आली. "तुम्हाला बहीण आहे? सहा वर्षं मी इथे आहे, आणि तुम्ही माझ्या आठ बहिणींची नावं पाठ करून मला चिडवता, आणि तुम्हाला स्वतःची बहीण आहे?" ती खरोखर रागावली होती. तोंड फिरवून तिने फोन लावून दिला आणि दार जरा जोरातच ओढून घेतलं. ओलेना जिवंत आहे हे त्याला नाताळच्या कार्डावरून कळे; दर वर्षी वकिलाच्या ऑफिसातून तिला कार्ड जाई आणि ते परत आलं नाही, की तो समजे, आहे. बस, एवढंच. घंटी वाजत राहिली.  पंचेचाळीस वर्षांनी बोलायला सुरुवात कुठून करायची, याचा कागद कुणी टाइप करून दिला नव्हता. पण त्याच्या मनात एकच होतं: तिने हो म्हणायचं. एक शब्द. मग आईचं नाव त्या कागदावर जाईल, मेरी लोगनचं पुसलं जाईल, आणि आपण मेल्यावर का होईना, लोक परास्का हुडाक हे दोन शब्द वाचतील.

"कोण?" म्हाताऱ्या बाईचा आवाज, चढा, जरा कानाने कमी ऐकणाऱ्याचा.

"ओलेना, मी वासिल."

 मागे कुठेतरी रेडिओ चालू होता, तो बंद झाला. "तुझ्या त्या पेपरवाल्या पोरीचा फोन येऊन गेला," ती म्हणाली, जणू काल संध्याकाळीच बोलणं अर्धवट राहिलं होतं. "सांगितलं मी तिला."

"सांगितलंस? देवा! काय सांगितलंस?"

"की मी असल्या कुणाला ओळखत नाही. माझा थोरला भाऊ डेट्रॉइटला मोटारीच्या कारखान्यात होता. तिकडेच वारला."

त्याला आधी ऐकू आलेलं कळेना. मग कळलं आणि तो भडकला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीचा हात धरून उभा राहिला. "ओलेना, तुला समजतंय का तू काय केलंस? राग माझ्यावर काढ ना! मला शिव्या घाल, थुंक माझ्यावर. पण आईचं नाव... अगं, आज एक दिवस होता, एकच दिवस, तिचं नाव नीट लागायचा, आणि तू सूड घेतलास!"

"सूड कसला आलाय," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही, त्याचाच त्याला जास्त संताप आला. "मी फक्त तिने सांगितलं ते केलं. तुझं ते मासिक आलं ना इकडे, तिसात की एकतिसात, त्यात तुझी आई मेली म्हणून छापलेलं. पाद्रीणबाईंनी वाचून दाखवलं तिला. पत्र्यावर बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोही वाळत होत्या, ती उठलीसुद्धा नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, हे त्याने लिहिलंय की त्याच्या मुकादमाने? पाद्रीणबाई म्हणाल्या, मुकादमानेच लिहिलं असणार. तर आई म्हणाली, मग झालं. मुकादमापुढे तुमचा बाप तरी कुठे तोंड उघडत होता. आणि मला नि धाकट्या पीटरला समोर उभं केलं आणि सांगितलं, कुणीही येवो, कुणीही विचारो, नाही म्हणायचं. नाहीतर पोराची नोकरी जाईल."

तो खाली बसला.

"सगळा गाव तिला छेडायचा," ओलेना सांगत होती. "थिएटरवाला बोहदान होता ना, तो दारात उभा राहून म्हणायचा, परास्का, पडद्यावरचा तो तुझाच वास्को दिसतो गं. तर ही म्हणायची, कुणाचा कोण! माझा वास्को डेट्रॉइटला. आणि तिकीट काढून आत जायची. दर शनिवारी, तोच सिनेमा पुन्हा लागला तरी. बाहेर येऊन म्हणायची, चांगला मुलगा आहे हो, कुणाच्या पोटचा आहे कोण जाणे. सगळ्यांना माहीत होतं रे. कुणी तिला खोटं पाडलं नाही. आता तू मला सांगतोस तिला खोटं पाड?"

"अगं पण कसली नोकरी! मॅक्स मेला, ती स्टुडिओची जागा विकली, तिथे मोटारी उभ्या करतात लोक. कुणाची नोकरी जाणारे आता?"

"असेल. मला तिने 'आता बोला' असं सांगितलं नाही."

"ओलेना, तार मला नऊ दिवस मिळाली नव्हती. खरंच सांगतो. पोरींनी ती भलत्याच खणात..."

"माहितीय. मॅक्स म्हणून कुणी माणूस होता, त्याने पुढे पत्र पाठवलं होतं. माफी मागितली होती बिचाऱ्याने." ती थांबली. "नऊ दिवस गेले, मान्य. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना होती की रे. चाळिसाव्याला पाद्रीबुवा प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, फिलाडेल्फियाची गाडी येतेय. गाडी आली आणि गेली. मग तिचं नाव घेतलं त्यांनी."

 चाळिसाव्या दिवशी त्या हसण्याच्या सिनेमाचा पहिला खेळ होता. त्याला कुणी अडवलं नव्हतं. मॅक्सने तर स्वतःहून विचारलं होतं, जायचंय का तुला, गुपचूप जाऊन ये, मी सांभाळतो. आणि हा म्हणाला होता, नको. आरशासमोर टाय बांधत होता, आणि नको म्हणाला होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या, त्याला त्या हव्या होत्या. हे कुठल्याही कागदावर टाइप केलेलं नव्हतं, म्हणूनच बहुधा तो ते इतक्या सहज विसरला होता. पंचेचाळीस वर्षं त्याने मॅक्सला, स्टुडिओला, त्या पत्रवाल्या पोरीला, बिटरवेलच्या भाबड्या म्हाताऱ्यांना शिव्या घातल्या होत्या, आजही सकाळपासून घालत होता, आणि इतका वेळ एक माणूस मध्ये टाय बांधत शांतपणे उभा होता, त्याला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.

"ठेवते मी," ओलेना म्हणाली. "गुरुवार आहे. चर्चमध्ये पिरोही करायला बाया थांबल्यात. मी गेल्याशिवाय त्यांना पीठ जमत नाही." आणि जरा थांबून, "तब्येत बरी आहे ना?" उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.

चारला पाच मिनिटं होती तेव्हा लूर्डेस परत आली. तिने गार सूप उचललं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या पायांवर शाल टाकली. "काय म्हणाली बहीण?"

"मला ओळखत नाही म्हणाली."

"माझ्या बहिणीही असंच म्हणतात, मी पैसे पाठवायला उशीर केला की," लूर्डेस म्हणाली, पण तिला लगेच कळलं हे तसं नाही, आणि ती खिडकीपाशी जाऊन उगाचच पडदा सरळ करत राहिली.

फोन ठरल्या वेळी वाजला. मिस ब्रेनरचा आवाज आता आणखीच हळुवार झाला होता, म्हाताऱ्या भ्रमिष्टाशी बोलावं तसा. तिने मिसेस साबोलना विचारलं होतं, दुर्दैवाने त्यांनी दुजोरा दिला नाही. इतर कुणी आहे का? नसेल तर मजकूर आहे तसाच ठेवते. 'आईचं छत्र लहानपणीच हरपलेल्या या मुलाने' असं वाक्य आहे, ते फार हृद्य झालंय, ती म्हणाली.

"काढा ते," तो म्हणाला. "आणि मी सांगतो ते घ्या. पेन आहे ना हातात? या माणसाची आई पेनसिल्व्हेनियात जिवंत होती, आणि नऊ वर्षं तो ती मेली म्हणून सांगत राहिला. पैशासाठी आणि नावासाठी. ती खरी मेली तेव्हा तो मातीला गेला नाही."

"तार उशिरा मिळाली असं काहीसं तुम्ही सकाळी..."

"ते लिहू नका! तार मिळाली. तार मिळाल्यावर एक महिना होता माझ्या हातात. चाळिसाव्या दिवसाला मी जाऊ शकत होतो, मला जा म्हणाले होते. मी माझ्याच सिनेमाला गेलो, टाळ्या घ्यायला. ते हसणं दाखवता ना तुम्ही सगळे, तोच सिनेमा. घेतलंत का लिहून? आणि बिटरवेलचा दगड खोटा आहे हे मला ठाऊक असून मी त्याच्यापुढे रडलो."

पलीकडे खडखडणारा टाइपरायटर थांबला.  ती मुलगी पुन्हा बोलली तेव्हा तो हळुवारपणा गेला होता, ती आता खरोखरच त्याच्याशी बोलत होती. "लोगनसाहेब, याला मला दुसरा पुरावा लागणार नाही. माणूस स्वतःची बाजू घेऊन बोलतो तेव्हा आम्ही दोन साक्षी मागतो. कुणी असं स्वतःलाच बुडवायला निघालं तर एकट्याच्या शब्दावरही घेतो, इतकं वाईट कुणी उगाच स्वतःबद्दल बनवून सांगत नाही. पण एक सांगू? मी तुमचे सिनेमे आजीबरोबर बघितलेत. हे छापलं की लोक तुमच्या नावाने बोटं मोडतील. त्या गावचे लोक दगड उखडून टाकतील. पहिल्या ओळीत तुमचं काम राहणारच नाही, हेच येईल."

"येऊ दे. मेलं कोंबडं आगीला भीत नाही, बाई."

"आईंचं नाव मग सकाळी म्हणालात तेच?"

"परास्का हुडाक. बहिणीचं नाव घालू नका कुठे. तिने तुम्हाला सांगितलं तेच खरं, ती मला ओळखत नाही."

तिने ते टाइप केलं. त्याला एकेका अक्षराचा ठोका ऐकू आला. मग तिने सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं, तिऱ्हाइताबद्दल वाचावं तसं, भूतकाळात. त्याने कुठेही अडवलं नाही. "एकदा कपाटात गेलं की मला यात हात घालता येत नाही," ती म्हणाली. "नक्की ना? अजून विचार करायचा असेल तर..."

"नक्की," वासिल म्हणाला. "गेली नोकरी तर गेली."